आपांचं गळ्यातलं बिऱ्हाड

आपांकडे स्वतःचा कम्प्युटर कधीच नव्हता, आणि अमरावती-अकोल्यात कम्प्युटरवर त्यांच्याइतकं काम उपसणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. त्यांचं सगळं दुकान गळ्यात होतं. काळ्या गोफात ओवलेला एक पेनड्राइव्ह, ओढणीच्या आत. लोकांना तो तावीज वाटायचा. मराठी-उर्दू टायपिंगचं, लग्नपत्रिकेचं, फोटोचं, आवाजाचं, सगळं सॉफ्टवेअर त्या बोटभर डबीत. कोणत्याही मशीनला लावा, तिथूनच चालू. मशीनमध्ये काही टाकायचं नाही, मागे काही ठेवायचं नाही.

चार दिवस अमरावतीत भावाकडे, चार दिवस अकोल्याला आपल्या घरी. जिथे असतील तिथल्या सायबर कॅफेत रिकामी खुर्ची दिसली की आपा बसल्या. मी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर राहून शिकत होते आणि ईमेल बघायला बसस्टँडजवळच्या कॅफेत जायचे. तिथल्या मालकानं भिंतीवर पाटीच लावली होती, मशीनमध्ये नवं काही टाकू नये. आपांना बघून तो पाटीकडे बोट दाखवायचा. आपा म्हणायच्या, "मी कुठी काय टाकून राहिली, भाऊ? मशीन तुमची, चूल माही. शिजवते आन चूल उचलून चालली." मालक हसून खुर्ची पुढे सरकवायचा.

पेनड्राइव्ह काढतानाचा त्यांचा थाट बघण्यासारखा होता. आम्ही पोरी खस्सकन उपसायचो. आपा आधी सगळं नीट बंद करायच्या, मग 'आता काढा' अशी सूचना येईपर्यंत हात जोडल्यासारख्या बसायच्या. मी एकदा घाई केली तर फटकन हातावर मारलं. "काहून व पोट्टे, कोणाच्या घरून 'येतो' न म्हणता उठते काय तू?" वऱ्हाडात 'जातो' म्हणून कोणी उठत नाही, हे खरंच. पण मशीनचाही असा निरोप घेणारी माणसं थोडीच.

आता माझ्या आईचं सांगते, कारण आपा माझ्या झाल्या त्या आईमुळे. मोझरीच्या अलीकडचं आमचं गाव. आई तिथल्या बायकांच्या भजनीमंडळाची म्होरकी. खंजिरी हातात आली की तिला जेवणाचीही शुद्ध नसायची. पण लागोपाठ दोन वर्षं कापसानं दगा दिला, आणि मंडळ बसलं. "कोणत्या तोंडानं गावं व?" असं बायका एकमेकींना म्हणायच्या. आई तर स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणेनाशी झाली. मला ते घर खायला उठायचं. अकोल्याच्या रेडिओवर गावोगावच्या बायकांची भजनं लावणार आहेत, असं कळलं तेव्हा मी आईच्या हातापाया पडले. ती म्हणाली, "एकडाव गाते. पुन्हा मले म्हणू नोको."

एकदाच गायली, आणि मैत्रिणीच्या मोबाइलवर मी ते टिपलं. काय गायली! पण ऐन रंगात दारात शेजारची काकू आली, आणि आमच्या मातोश्रींनी ताल न सोडता, भजनाच्या ओळीतच, "या, बसा ना बाई" म्हणून घेतलं. आलेल्या माणसाला 'या' न म्हणणं म्हणजे पाप! पुन्हा गा म्हणायची सोय नव्हती. आईनं शब्द पाळला असता आणि कायमची गप्प झाली असती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सीडी अकोल्याला द्यायची होती, आणि शनिवारीच सकाळी मी रडकुंडीला येऊन आपांपुढे मोबाइल ठेवला. कॅफेच्या मशीनवर ती फाइल उघडेचना. आपांनी गळ्यातली डबी लावली, फाइल उघडली, कान दिला, आणि हसून हसून डोळे पुसले. "बाप्पा! तुह्या मायनं देवालेबी थांबवलं, पाव्हनीले आधी बसवलं!" मग ओढणी खोचून कामाला लागल्या. खरखर काढली. भजनाची तीच ओळ पुढे पुन्हा येत होती, ती उचलून 'या, बसा'च्या जागी बसवायला घेतली. एक काप केला की लगेच सेव्ह. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लाइट सांगून जायची आणि न सांगताही. इन्व्हर्टर बोंबलायला लागला, मालक ओरडायला लागला, "बंद करा, बंद करा!" आणि आपा? आपा निवांत मशीनचा निरोप घेत बसलेल्या! माझा जीव टांगणीला.

"काहून घाबरून राहिली? चूल संगं हाय ना," म्हणत त्यांनी मला अकोल्याच्या एसटीत कोंबलं. अकोल्याच्या कॅफेतही तीच कथा, मशीनला कुलूप, नवं काही टाकायची बंदी. आपांनी डबी लावली, आणि अमरावतीत जिथे कात्री थांबली होती तिथेच, त्याच कापावर, आईचा आवाज उघडला. मी अक्षरशः टाळी वाजवली. सांधा असा बसला की मला स्वतःला सापडेना. कॅफेवाल्यानं कौतुकानं सीडी करून दिली, आणि रेडिओचं दार बंद व्हायच्या आत आम्ही ती पोचवली. बाहेर येऊन आपांनी मला मिठी मारली. "जमलं ना, बेटा!"

पुढे आपा लेकीकडे दूर हैदराबादला राहायला गेल्या. जाताना माझ्यासाठी एक पेनड्राइव्ह स्वतःच्या हातानं भरून दिला. आज मी लोकांचे आवाज जुळवण्याचंच काम करते, ते त्यांच्यामुळे. आता त्या नाहीत, आणि ते मला सोसत नाही. पण डोळे मिटले की दिसतात त्या भजन लागलं त्या दिवशीच्या आपा, आमच्या ओसरीवर, माझ्या आईशेजारी बसलेल्या.

ओसरी बायकांनी भरून गेली होती. रेडिओवर आईचा आवाज आला तशी ती आधी दचकली. "थे मीच हाय काय?" आपा म्हणाल्या, "तुमीच हाव, बाई. आयका." आईनं ऐकलं, आणि दुसऱ्या कडव्याला स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळला. मग एकेक बाई भजन उचलत गेली. रेडिओवरचं भजन संपलं, यांचं संपेना. पाठोपाठ रेडिओवर कापसाचे भाव सुरू झाले, आणि त्या दिवशी आमच्या ओसरीवर ते कोणालाही ऐकू आले नाहीत.