दोघींना एकच पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यापुढं बसून गाणं शिकलो त्या गुरुजींना तर नाहीच. ते वारले तेव्हा, सुटलो, आता ते कधीच विचारणार नाहीत — असं माझ्या मनात येऊन गेलं. माणूस कुठल्या थराला जातो बघा.

मी मुखेडमधल्या एका खासगी शाळेत संगीत शिकवतो. गाव मला पेटीमास्तर म्हणतं. शिक्षक दिनाला शाल मिळते, नारळ मिळतो, ‘सरांनी आमच्या पोरांना सूर दिला’ असं कुणीतरी माइकवर म्हणतं. ती शाल खांद्यावर पडली की मला घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटते. का? तेच सांगायला बसलोय. पण सरळ तोंडातून निघत नाहीये, जरा दम धरा.

आमच्याकडं गॅदरिंगचा आठवडा म्हणजे बाकीच्या मास्तरांना सुट्टीच. वर्ग बंद, चहा चालू. मरण असतं ते संगीतवाल्याचं. समूहगान माझं, नाटकातली गाणी माझी, पाचवीच्या पोरांचा ढोलकीचा ताल माझा, माइक कुरकुरला तरी हाक मलाच. खेळाचे सर मैदान सोडत नाहीत म्हणून सराव सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. हे घडलं त्या वर्षी मी तासिकेवर होतो, म्हणजे कायम झालेलो नव्हतो. तर सगळ्यांची हांजी हांजी करत नुसता पळत होतो.

त्या पळापळीत माझा उजवा हात होती नसरीन. आठवीतली पोरगी, शिवणकाम करणाऱ्या गफूरभाईंची. असा गळा मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. हे आज सांगतानाही जीभ कडू होते. माझा घसा धरला की तिला उभी करायचो — नसरीन, यांना अंतरा सांग. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत ती दुसऱ्यांच्या पोरांना माझी गाणी शिकवायची. पाणी प्यायलीस का, असं एकदा तरी विचारलं का मी तिला?

गॅदरिंगला स्वागतगीत असतं. चाल माझीच. त्यात पुढं उभं राहून जी एकटी गाते, तिलाच शाळा नांदेडच्या स्पर्धेला पाठवते — आमच्याकडची पद्धतच तशी. ती जागा नसरीनची होती, यात कुणाला शंका नव्हती. गफूरभाईंनी तिच्या मापाचा ड्रेससुद्धा शिवायला घेतला होता, जरीची पट्टी लावून.

मग आमच्या संस्थाध्यक्षांच्या नातीनं घरी सांगितलं की मलाही गायचंय.

आता तुम्हाला वाटेल, मला दम दिला असेल. नाही. हेच तर घाण आहे सगळ्यात. अध्यक्ष मला भेटलेसुद्धा नाहीत. हेडसर व्हरांड्यात म्हणाले, “बघा सर, जमलं तर. न्हाई जमलं तर न्हाई.” एवढंच. न्हाई म्हणायची मुभा त्यांनी माझ्या हातात ठेवली होती! मी ती घेतली नाही. हेडसर पुढं गेले, आणि चहा संपायच्या आत माझं ठरलं होतं.

मीच सुचवलं, दोघींची चाचणी घेऊ. सगळ्या स्टाफसमोर. एकच गाणं, आणि — इथं मी आवाज चढवला — दोघींना एकच पट्टी. म्हणजे कुणी म्हणायला नको, हिला सोपं आणि तिला अवघड. काय न्यायी माणूस! गणिताच्या बाईंनी तर मान डोलावली.

गाणं न शिकलेल्याला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. पट्टी म्हणजे पेटीवरची ती जागा, जिथून गाणाऱ्यानं आपला सा धरायचा. ती प्रत्येक गळ्याची वेगळी असते, जसा चपलेचा नंबर वेगळा असतो. नसरीनची होती काळी चार. अध्यक्षांच्या नातीचा आवाज बारीक, वरचा; तिला काळी पाच बरी पडायची. मी काळी पाच धरली. फरक एवढासाच — एक काळी पट्टी वर. मुखड्यात काही बिघडत नाही. अंतऱ्यात गाणं वर चढतं आणि तिथं गळा उघडा पडतो. त्यात तो गळा आठवडाभर मीच राबवलेला. हे सगळं मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

नात आधी गायली. बेतास बात, पण पार पडली.

नसरीन उभी राहिली. मी सूर दिला. पहिल्याच ओळीला तिनं माझ्याकडं पाहिलं — तिला कळलं होतं, काहीतरी चढं आहे. किती सोपं होतं हो! सॉरी, चुकून झालं, असं म्हणून बोट खाली सरकवायचं. मी मान खाली घालून भाता हलवत राहिलो. आणि तिनं काय केलं? सरांनी दिलाय तो बरोबरच असणार म्हणून गात राहिली. अंतऱ्याच्या सगळ्यात वरच्या जागी तिचा आवाज चिरफाळला. दारातून डोकावणाऱ्या दोन पोरी फिसकन हसल्या. मीसुद्धा तोंड वाईट केलं — जसं काही मलाच धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी गफूरभाई शाळेत आले, अध्यक्षांच्या नातीचं माप घ्यायला. तोच ड्रेस उसवून लहान करायचा होता. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “गळा बसला म्हने पोरीचा. तुमी तरी काय करनार सर? तुमी लई जीव लावला तिला.” मी काय म्हणालो? मी म्हणालो, नशीब एकेकाचं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल की हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगायला आवडायचं — एक चाचणी, एक बोट इकडचं तिकडं. पण नाही, खरं पुढं आहे.

गॅदरिंग झाल्यावर नसरीन आली. म्हणाली, “सर, माझ्यामुळं तुमची मान खाली गेली. मी पेटीवर बसून बघू का, कुटं चुकतंय ते?” पेटीवर! तिला स्वर ओळखता येत होते. काळी चार धरून अंतरा एकदा म्हणून बघितला असता तर तिला सगळं समजलं असतं. मी घाबरलो, चौदा वर्षांच्या पोरीला घाबरलो. आणि शांतपणे, अगदी मायेनं, तिला सांगितलं की या वयात काही मुलींचा आवाज जातो तो परत येत नाही. उगाच ताणू नकोस, अभ्यासाकडं लक्ष दे. तिनं “हाव सर” म्हटलं. त्यानंतर ती कधी गायली नाही. प्रार्थनेलासुद्धा तोंड मिटून उभी राहायची, आणि मी समोर पेटी वाजवायचो.

मी पुढच्या जूनमध्ये कायम झालो. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. म्हणजे कदाचित फुकटच केलं सगळं. थू.

यंदा नसरीन परत आली. लग्न होऊन लोह्याला गेली होती, आता नवऱ्यानं इथं दुकान टाकलंय. पहिलीतल्या मुलीला घेऊन संगीताच्या खोलीत आली. पोरगी बडबडी, गुणगुणत सगळीकडं हात लावत होती. नसरीन दारातच उभी राहिली. म्हणाली, “सर, एक विचारू? त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं होतं? तेवढं कळलं तर हिचं तसं होऊ देणार न्हाई.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. नोकरीला धोका नव्हता, अध्यक्ष कधीच वारलेत, हेडसर निवृत्त. मला कुणाची भीती होती, सांगा?

मी म्हणालो, “तुझा श्वास कमी पडला.”

तिनं मान हलवली, बरं वाटल्यासारखी. मग वाकून मुलीला म्हणाली, “ऐकलं का? सर जसं सांगतील तसंच गायचं.”

मी हसलो, पेटी पुढं ओढली आणि पोरीला सा दिला.