मुशीच्या तेलातली भैरवी

बोलपट आले आणि आमची नाटक कंपनी बसली. मालकांनी प्रत्येकाला काही ना काही देऊन निरोप दिला. मी कंपनीचा ऑर्गनवाला, म्हणून माझ्या वाट्याला ऑर्गनच आला. पायांनी भाते हलवायचे, हातांनी वाजवायचं, असं ते कपाटाएवढं धूड. मचव्यात घालून मी ते मुंबईहून रेवदंड्याला आणलं. तिथे त्याची काळजी आमच्या ओळखीच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्या कोळ्याने घेतली, आणि पुढचं सगळं त्या काळजीमुळेच घडलं.

पण आधी वडिलांचं सांगतो, कारण माझा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. ते चौलला आमच्या देवळात कीर्तन करत. मी नाटकात गेलो तेव्हा ते ओरडले नाहीत की रागावले नाहीत. माझं वाजवणं ऐकायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं. कंपनीचा मुक्काम अलिबागेत पडला तरी आले नाहीत. घरी मी पेटीला हात लावला की ते उठून वाडीत माडांना पाणी घालायला जात. त्या वर्षांत आमच्या वाडीइतकं पाणी चौलात कुठल्याच वाडीला मिळालं नसेल.

कंपनी बसल्याचं कळवलं तेव्हा मात्र म्हणाले, "चैत्रातल्या उत्सवात देवळात वाजव. देवापुढे वाजलं तर ऐकेन."

या एका वाक्यावर मी ऑर्गन समुद्रातून आणला. साऱ्या गावाने ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय, मला तो एक माणूस समोर बसलेला हवा होता.

मचव्यातून उतरवताना लाट आली आणि ऑर्गन निम्मा भिजला. मी कपाळाला हात लावून वाळूत बसलो. तांडेल म्हणाला, "मास्तर, तुमी जेवून घ्या. मी हाय ना."

मी जेवून आलो तोवर त्याने ऑर्गनचं सगळं लाकूड पुसून त्याला आतून-बाहेरून मुशी माशाचं तेल चोपडलं होतं. होडीचं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकावं म्हणून लावतात, तेच. भात्यांच्या घड्यासुद्धा त्याने सोडल्या नव्हत्या.

"माजी होरी याच तेलावं जगली हाय," तो म्हणाला. "आता तुमची पेटी पान्यात बुरवली तरी कुजाची न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेटी पाण्यात बुडवायची नसते, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मिटलं.

घरी आल्यावर माशाचा वास जावा म्हणून मी रिठे वापरून पाहिले, राख वापरून पाहिली, ऊद जाळून धूर दिला. वर वास कमी झालासा वाटे, पण पाय मारला की भात्यांतून नवा भपकारा येई. मी बसलो की चार घरची मांजरं येऊन ओळीने बसत. इतके रसिक श्रोते मला मुंबईतही मिळाले नव्हते.

आपल्या हातून काय झालं ते कळल्यावर तांडेल खजील झाला आणि रोज संध्याकाळी मदतीला येऊ लागला. मदत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तो कनवटीचा माउथ ऑर्गन काढून वाजवी. एका विलायती बोटीवरच्या खलाशाला दोन पापलेटं देऊन त्याने तो घेतला होता, आणि त्यावर तो हळदीची गाणी वाजवायचा. मला ते लहान मुलाचं खेळणं वाटे. त्यात माझ्या पेटीतल्या पांढऱ्या पट्ट्यांचे तेवढे स्वर होते, काळ्या पट्ट्यांचा एकही नव्हता. पण पांढरीतली तिसरी पट्टी षड्ज धरली की नुसत्या पांढऱ्यांवर भैरवी उभी राहते, हे मला माहीत होतं. एकदा गंमत म्हणून मी त्याला तो स्वर दाखवला आणि तिथून सुरुवात करायला सांगितलं. भरतीची वाट बघत आयुष्य काढलेल्या माणसाला घाई ठाऊक नसते. तो एकेका स्वरावर असा थांबला की मी वासही विसरलो. त्यानंतर आम्ही रोज भैरवीच वाजवत होतो.

उत्सवाच्या संध्याकाळी ऑर्गन देवळाच्या पायरीपर्यंत पोचला. पंचांनी वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि हात जोडून मला सांगितलं की हे आत येणार नाही. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण वडील सभामंडपात पागोटं बांधत होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. ऑर्गन बाहेर बकुळीखाली ठेवला. साथीला आलेला तबलजी नाकाला उपरणं लावून आत गेला तो गेलाच. माझ्याजवळ राहिला एकटा तांडेल.

आत दिवे लागत होते. मला तेलाचा राग आला, पंचांचा आला, सर्वांत जास्त त्या वर न झालेल्या मानेचा आला. मी तांडेलाला म्हटलं, "भैरवी."

भैरवी शेवटी वाजवायची असते. ती झाली की मैफल उठते, त्यानंतर कोणी गात नाही की वाजवत नाही. तांडेलाला हे ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि आतल्या कीर्तनकारालाही होतं. त्यांचं कीर्तन अजून सुरूही व्हायचं होतं.

आम्ही पहिली ओळ पुरी करतो न करतो तोच वडील तरातरा पायऱ्या उतरून आले. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हाताने उपरणं नाकावर.

"ही वेळ आहे भैरवीची? मला आत उभं राहायचंय अजून."

मी थांबलो नाही. तांडेलाचे तर डोळे मिटलेले होते, त्याला ते आल्याचा पत्ताच नव्हता. मी खालून नुसते सूर धरून ठेवले आणि त्याने तो माउथ ऑर्गन ओंजळीत धरून एक लांब स्वर ओढला. थोड्या वेळाने वडील पायरीवर टेकले. आणखी थोड्या वेळाने मी पाहिलं तर उपरणं नाकावरून खाली आलं होतं आणि ते त्याने डोळे पुसत होते.

भैरवी संपली. मी म्हटलं, "बाबा, आता कीर्तन?"

"भैरवी झाल्यावर कसलं कीर्तन?" ते म्हणाले. मग चिपळ्यांकडे बघत हळूच म्हणाले, "तुझं मागचं ऐकायचं राहिलंय सगळं. कंपनीत पहिल्या दिवशी काय वाजवलंस, तिथून वाजव."

माझे पाय भात्यांवर होते, पण हलेनात. तांडेलाने माझ्याकडे पाहिलं, माउथ ऑर्गन धोतराला पुसला आणि मला सावरायला वेळ मिळावा म्हणून हळदीचं गाणं सुरू केलं. वडिलांनी ते कडवंभर ऐकलं आणि त्यावर चिपळ्या धरल्या. आतली मंडळी एकेक करून बाहेर येऊ लागली. गाणं संपल्यावर मी पहिल्या दिवसाचं पद धरलं. वास येतच होता, आणि वडील जागचे हलले नाहीत.