शाळेमागचं डबकं

वर्ना केस्किला रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. सत्तावीस वर्षं पाच-पाच वर्षांच्या पोरांना शिकवताना तिने ही सवय लावून घेतली होती. पोरं तिच्या हळू आवाजाला जेवढी टरकायची तेवढी दुसऱ्या कुणाच्या आरड्याओरड्याला टरकत नसत. तिचा नवरा अर्व्हो लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "हिचं बोलणं ऐकू येईनासं झालं की मी आपला मुकाट्याने सरपण फोडायला जातो. बाहेर जिवाला धोका कमी."

उत्तर मिशिगनमधल्या त्या गावात बर्फ सहा महिने मुक्काम ठोकतो, पण वर्नाचा वर्ग रोज सकाळी दोन तास बाहेर असायचा म्हणजे असायचाच. शाळेमागे मेपलचं लहानसं रान होतं. तिथे तिचा एकच कायदा होता: हात लावल्याशिवाय, वास घेतल्याशिवाय, कान देऊन ऐकल्याशिवाय कशाचंही नाव सांगायचं नाही. एखादं पोर ओलं शेवाळ दाखवून "मिस वर्ना, हे काय?" म्हणालं की ती म्हणायची, "तूच सांग मला, कसं लागतंय ते." पोर गाल टेकवून म्हणायचं, "मांजरासारखं." मग दिवसभर ते मांजरच. शेवाळ हा शब्द दुसऱ्या दिवशी यायचा. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं. त्या झाडाला रोज मिठी मारून यायचं आणि काल नव्हतं असं काय दिसलं ते वर्गाला सांगायचं. आया कुरकुरायच्या, की बाई, धुणं धुऊन हात मोडले. वर्ना म्हणायची, "मळलेला स्वेटर म्हणजे शिकलेला स्वेटर."

आणि त्या रानात एक डबकं होतं. दोन वर्गखोल्यांएवढं. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की भरायचं, ऑगस्टपर्यंत कोरडंठाक व्हायचं. त्यात मासे टिकत नसत, म्हणूनच बेडूक आणि सॅलॅमँडर तिथे बिनघोर अंडी घालायचे. सॅलॅमँडर म्हणजे पालीच्या चणीचा, पण ओलसर, मऊ, काळाकुळकुळीत जीव, पाठीवर पिवळे ठिपके. वर्षभर जमिनीखाली राहतो आणि वसंतातल्या पावसात, ज्या पाण्यात जन्मला त्याच पाण्याकडे चालत येतो. पोरं गुडघाभर बूट घालून काठावर पालथी पडायची आणि तासन्‌तास बघायची. एरवी दोन मिनिटं जागेवर न बसणारी.

त्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची चार दिवसांची सुट्टी संपवून वर्ना शाळेत आली आणि मागे गेली, तर डबकं नव्हतं. चौदा मेपल कापलेले आणि त्यांच्या जागी सपाट, राखाडी खडी. रोलर फिरवून दाबलेली.  ती कोटही न काढता प्रिन्सिपलच्या खोलीत गेली.

प्रिन्सिपल ब्रेंट लाहटी एकतीस वर्षांचा होता. एकेकाळी तिच्याच वर्गातला. अजूनही तिला नावाने हाक मारायला त्याची जीभ रेटत नसे.

"मागे काय केलंस, ब्रेंट?"

"मिसेस केस्किला, बसा ना."

"उभीच बरी आहे मी."

"बसगाड्यांना वळायला जागा नव्हती. त्यात विमेवाल्यांनी लिहून कळवलं. उघडं पाणी, लहान मुलं. उद्या काही झालं असतं तर?"

"सत्तावीस वर्षांत काय झालं?"

"सुदैवाने काही नाही."

"सुदैव नव्हे रे. तिथे मी होते." तिचा आवाज खाली आला. "त्याच पाण्यात तुझा बूट रुतला होता. मी कोपरापर्यंत हात घालून काढला. आठवतंय?"

"आठवतंय. पण प्रिन्सिपल झालं की माणसाला..."

"बुटापेक्षा बरंच काही हरवतं. दिसतंय मला."

ब्रेंटने पडतं घेत एक रंगीत पत्रक तिच्यापुढे सरकवलं. भरपाई म्हणून शाळेच्या बोर्डाने 'निसर्ग कोपरा' मंजूर केला होता. प्लॅस्टिकचा ओंडका, प्लॅस्टिकचा धोंडा आणि एक खांब. खांबावरचं बटण दाबलं की पंधरा पक्ष्यांचे आवाज. वर्नाने पत्रक वाचलं, नीट चार घड्या घातल्या आणि परत त्याच्या टेबलावर ठेवलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी आल्यावर तिने आधीच स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. अर्व्हो सरपणाकडे निघाला होता, पण दारात थबकला.

"ऑक्टोबरात तिथे नारिंगी फडकी लावलेल्या खुंट्या होत्या," ती नळाकडे बघत म्हणाली. "पोरं उपटत होती, तर मीच दटावलं. म्हटलं, कुंपण घालत असतील. विचारलं नाही मी कुणाला."

"विचारलं असतंस तर थांबले असते?"

"ते आता कसं कळणार? विचारलं नाही, एवढंच कळतंय."

हिवाळाभर तिने पत्रं लिहिली. बोर्डाला, तालुक्याला, राज्याच्या पर्यावरण खात्याला. खात्याने कळवलं की एवढ्याशा पाण्याला कायदा लागू होत नाही. बोर्डाने कळवलं की पत्र मिळालं. वर्ग बाहेर जातच होता, पण आता कुंपणाच्या आत, झोपाळ्यांच्या आसपास. ज्यांची झाडं कापली गेली त्या पोरांना तिने नवीन झाडं वाटून दिली. एका पोराने घेतलं नाही. म्हणाला, माझं होतं एक.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि सकाळी वर्गाने मागचं दार उघडलं, तर खडीवर सॅलॅमँडर होते. एक, दोन, मग मोजता येईनात एवढे. काही झोपाळ्याखालच्या रबरी चटईला चिकटलेले, काही खडीत डोकं खुपसून आत जायची वाट शोधणारे. जिथे पाण्याचा मध्य होता तिथे तर दाटीवाटीने. आणि बस नुकतीच वळून गेली होती. चाकांच्या दोन पट्ट्यांत जे होते त्यांच्याकडे पोरं टक लावून बघत राहिली.

"मिस वर्ना," एक पोरगी म्हणाली, "ह्यांना कुणी सांगितलं नाही का, पाणी गेलं म्हणून?"

वर्नाच्या डोक्यात सणक गेली. ती हळू आवाजात, पण प्रत्येक पोराला ऐकू जाईल असं बोलली, "ज्याने कुणी ही खडी ओतली ना, त्याला लाज वाटायला हवी. जन्मभर."

 पोरांत तिया नावाची साडेपाच वर्षांची मुलगी होती, हातात लाल बादली. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी ओतली."

वर्नाला हे माहीत होतं. गावात खडीचे ट्रक एकाच माणसाकडे होते, डेल ट्रेवारोकडे, आणि तिया त्याची धाकटी. बोलण्याआधी तिला ते माहीत होतं, आणि तरी ती बोलली. नंतर कितीही वेळा आठवलं तरी 'चुकून तोंडातून गेलं' असं तिला स्वतःला पटवता आलं नाही.

त्या क्षणी मात्र तिला थांबायला सवड नव्हती. दुसरी बस वीस मिनिटांत येणार होती. तिने पोरांना हात ओले करायला लावले, बादल्यांत भिजलेली पानं घातली आणि एकेक जीव उचलायला शिकवलं, पोटाखाली दोन बोटं घालून, न दाबता. एकवीस पोरं कामाला लागली. मग तिने कुंपणाचं फाटक उघडलं आणि सगळ्यांना घेऊन जुन्या रेल्वेच्या बांधापलीकडे गेली. तिथे चरात पाणी साचलेलं असायचं. परवानगीच्या कागदाशिवाय मुलांना शाळेच्या हद्दीबाहेर नेणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती परतली तेव्हा ब्रेंट फाटकाशी भिजत उभा होता. "तुम्ही मला दुसरा रस्ताच ठेवला नाही, मिसेस केस्किला."

"रस्ता बसला ठेवलास ना. पुष्कळ झाला."

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला डेल ट्रेवारो आला. रुंद खांद्यांचा माणूस, टोपीवर चिखल. तियाला त्याने ट्रकमध्ये बसवलं, दार लावलं आणि मग वळला.

"माझी पोर सकाळी घरून हसत गेली होती. शाळेतून आईला फोन करून विचारते, बाबा वाईट आहेत का. हे शिकवता काय इथे?"

"तुम्ही त्या जागेवर काय ओतलंत ते माहीत होतं तुम्हाला?"

"दोनशे टन खडी. कागदावर लिहिलं होतं तिथे. मी कागदावर असेल तिथे ओततो आणि कागदावर असेल तिथे खणतो. त्यावर माझं घर चालतं." तो जवळ आला. "माझ्यावर राग असेल तर माझ्या दारात येऊन शिव्या घाला. मी ऐकून घेईन. पोरीच्या आडून कशाला?"

 वर्नाला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो बरोबर बोलत होता, त्यामुळे आणखीनच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिया दप्तर अडकवत होती तेव्हा वर्ना तिच्याशेजारी उकिडवी बसली. "काल मी जे बोलले ते तुझ्यासमोर बोलायला नको होतं. तुझ्या बाबांबद्दल तर नकोच. चुकले मी."

तियाने कोटाची चेन वरखाली केली. "बाबा म्हणतात, आम्ही तुम्हाला आवडत नाही."

"आवडता."

"बाबापण?"

वर्नाने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "बाबांशी माझं भांडण आहे. मोठ्यांचं. त्यात तू नाहीस."

  तिया जाऊन आपल्या जागेवर बसली आणि त्या आठवड्यात बाहेर गेल्यावर ती वर्नाचा हात धरत नव्हती.

मे महिन्यात बोर्डाची बैठक झाली. मुलांना हद्दीबाहेर नेल्याबद्दल वर्नाला लेखी ताकीद आली होती, तिच्यावर सही करायची होती, आणि बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. तिने किती जीव मेले ते सांगितलं, पोरं काय शिकतात ते सांगितलं. एका सदस्याने विचारलं, "ह्याने वाचनाचे गुण किती वाढतात, आकडा आहे का?" ती म्हणाली, "नाही. पण ही पोरं बोटभर जीव न चिरडता उचलू शकतात. ह्या टेबलाशी बसलेल्यांत किती जणांना जमेल?" मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली.

तेवढ्यात डेल उठला. त्याने बोलणाऱ्यांत नाव दिलेलं नव्हतं, पण गावात त्याला कोण बसवणार?

"मला या बाईंचं काही पटत नाही," तो म्हणाला. "माझ्या पोरीला रडवलं त्यांनी. पण एक सांगतो. पूर्वेला, शाळेच्या व्यायामशाळेच्या भिंतीकडे, चाळीस फूट मोकळी जागा आहे. बस तिथेही वळली असती. माझं कामही सोपं झालं असतं, झाडं कापावी लागली नसती. मला कुणी विचारलं नाही. मी ब्रेंटला म्हणालोही होतो. तो म्हणाला, नकाशा मंजूर झालाय."

सगळे ब्रेंटकडे बघू लागले. ब्रेंट समोरच्या कागदाकडे बघत होता.

 इतके महिने वर्ना समजत होती की एकीकडे बस आणि दुसरीकडे डबकं, दोन्हींतलं एक निवडलं गेलं. निवड कधी झालीच नव्हती. नकाशावर कुणीतरी एक रेघ मारली होती आणि ती रेघ पुसायचा कंटाळा केला होता. एवढंच.

खडी काढायचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पडला. ताकीद कायम राहिली. वर्नाने त्यावर सही केली नाही. त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहिला आणि जूनमध्ये शाळा सोडली. डेलशी ती त्या संध्याकाळी बोलली नाही, तोही थांबला नाही. नंतर दुकानात वगैरे भेटले तर दोघं मान हलवत, बस्स.

उन्हाळाभर अर्व्होला वाटत होतं, हिचा राग निवळेल. निवळला नाही. पण तिने तो कामाला लावला. गावाबाहेर पोरं बर्फावर घसरगाड्या खेळत त्या टेकडीखाली शेकोटीची एक जुनी खोपी होती, ती तिने स्वतःच्या वर्गासाठी तालुक्याकडून मागून घेतली. छप्पर अर्व्होने शाकारलं. मंजुऱ्या, परवाने, विमा, सगळे कागद तिने स्वतः भरले, आणि प्रत्येक कागद भरताना एक शिवी हासडली, तीही हळू आवाजात. सप्टेंबरात नऊ पोरं आली. तिया त्यांत नव्हती. ती पहिलीत गेली होती. तिच्या आजीने मात्र वर्नाला सांगितलं की पोरगी घरात कोळी सापडला तर कुणाला मारू देत नाही, पेल्यात घालून बाहेर सोडते, आणि डेलला दार धरून उभं राहावं लागतं.

पहिल्याच दिवशी पावसाची झड लागली. एका मुलाची आई छत्री घेऊन खोपीच्या दारात आली, आत डोकावून तिने बाकं मोजली. दोनच होती.

"पाऊस थांबला नाही तर मुलं बसतील कुठे?" तिने विचारलं.

"बसणार नाहीत," वर्ना म्हणाली आणि बुटांच्या नाड्या आवळायला खाली वाकली.