नळ कुठे बसवायचा

साधी सरळ गोष्ट अवघड करून ठेवण्यात आमच्या शेजारच्या मास्तरांचा हात धरणारा माणूस उभ्या नाशकात नव्हता. कॉलनीचा सेक्रेटरी मी. पण मीटिंग कधी सुरू होणार ते हे ठरवणार! सतरंजी अंथरली, चहा आला, की मास्तर एकेक तोंड न्याहाळायचे आणि जे आले नाहीत त्यांना आणायला निघायचे. गटारीचा विषय होता तेव्हा झाडूवाल्या बाईंना आणून खुर्चीवर बसवलं. त्या बिचाऱ्या अवघडल्या, आम्ही त्याहून. गटार नेमकी कुठे तुंबते ते मात्र त्यांनीच सांगितलं, हे कबूल करायला हवं. कोजागिरीच्या दुधात केशर घालायचं की नाही, यावरही या गृहस्थानं आम्हाला हात वर करायला लावले होते. डोकं उठायचं अगदी.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला कॉलनीला एक सार्वजनिक नळ मंजूर झाला. मी जागा ठरवून टाकली: फाटकाशी, म्हणजे, खोटं कशाला बोलू, माझ्या दाराशी. मागच्या ओळीतल्या बौद्ध कुटुंबांना भरल्या कळशीनं अख्खी कॉलनी ओलांडावी लागणार होती. ते कधी तक्रार करत नसत, म्हणून मीही विचार केला नाही. मास्तर अडून बसले. पाणी बायका भरतात, तर बायकांना विचारा. आता सासऱ्या-दिरांपुढे कोण तोंड उघडणार? तर यांनी तोडगा काढला. पुढे आणि मागे खडूनं दोन गोल काढले. जिला नळ जिथे हवा, तिथे तिनं आपली कळशी ठेवायची. चौकातल्या नळावर नंबराला भांडी लावायची सवय होतीच. पुरुषांनी तोवर घरात बसायचं, म्हणजे मत गुप्त.

गुप्त कसलं, डोंबलाचं! कळशीवर घरधन्याचं नाव कोरलेलं असतं, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. बाहेर येऊन बघतो तर मागच्या गोलात माझ्या नावाची कळशी, आणि लोक वाकून वाकून ती वाचतायत. नळ मागे गेला, तोही एकाच कळशीच्या फरकानं.

घरी येऊन मी तणतणलो. बायको पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला लांब पडेल, ठाऊक आहे. पण त्या बायका इतकी वर्षं लांबूनच आणतायत. आणि तुम्ही मला विचारलं होतं कधी?"

दुसऱ्या दिवशी मास्तर माफी मागायला आले. "नावांचं राहिलंच लक्षात. पुढच्या खेपेला कळशांवर पोती टाकू," म्हणाले. म्हणजे पुढची खेप होतीच! महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे बायको आजारी पडली, तेव्हा मागच्या ओळीतल्या बायकांनी पंधरा दिवस आमचं पाणी भरलं. नळावरच्या ओळखी त्या. मास्तर मुलाकडे सटाण्याला राहायला निघाले, तेव्हा त्यांना पोचवायला मीही एसटी स्टँडवर गेलो. तुमचं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण गर्दीत ते राहून गेलं, आणि आता ऐकायला मास्तर नाहीत.