फॉरेनात ‘रानवारा’, पोलादपुरात ‘ए बेंजो!’

राग आला की माणूस ओरडून मोकळा होतो. बेंजोवाल्याला ती सोय नाही. समोरचा अपमान करत असतो तेव्हा त्याचे दोन्ही हात वाजवण्यात अडकलेले असतात. मग राग आतच राहतो, आणि दहा-पंधरा वर्षं राहिला की त्याचे किस्से होतात. माझ्याकडे पोतंभर आहेत. मित्र म्हणतात, "जरा हसून सांग रे." मी सांगतो. हसायचं ते तुम्ही हसा.

आमची ‘रानवारा बेंजो पार्टी’ पोलादपूर तालुक्यातल्या उमरठची. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी, ती माझ्याकडे. दत्तू ट्रम्पेटवर, विलास ढोलावर. एरवी मी पोलादपूरला मोटार रिवाइंडिंग करायचो, त्या दोघांची शेती आणि गुरं. लग्न, गणपती, शिमगा, कुठेही बोलवा, आम्ही हजर. सगळी गाणी दुसऱ्यांची, पण एक चाल आमची स्वतःची होती. आंबेनळी घाट चढताना एसटीचं इंजिन गिअर बदलत बदलत कसं रडतं, त्यावर मी ती बसवलेली. नाव ‘घाटचाल’.

दासगावच्या एका लग्नात बंगलोरच्या एका इंजिनियरने ती टेप केली. महाडच्या कारखान्यात ट्रेनिंगला आला होता. पुढे इंटरनेट आलं तेव्हा त्याने ती तिथे टाकली, आणि तिथून ती जपान, पोलंड, ब्राझील, कुठल्या कुठे गेली! लोक तिच्यावर पानंच्या पानं लिहायचे. आम्हाला पत्ता नाही.

*

पत्ता लागला तो एसटीत. महाडहून पोलादपूरला येत होतो. पुढच्या सीटवर मुंबईहून आलेला एक तरुण, त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन काय? घाटचाल! मी उभाच राहिलो.

"अहो, हे मी वाजवलंय!"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायातल्या स्लिपरवर नजर जरा जास्तच थांबली. "काका, हे फॉरेनचं फ्यूजन आहे. नेटवर फेमस आहे. आमच्या ऑफिसात सगळे फिदा आहेत."

"बेंजो माझा आहे त्यात. उमरठचा."

"असेल ना," तो समजुतीने म्हणाला, "तुम्ही कॉपी चांगली केली असेल."

मी पुढच्या थांब्यावर उतरलो. माझं उतरायचं ठिकाण अजून चार मैल पुढे होतं. चालत गेलो. बसलो असतो तर हात उचलला गेला असता.

*

त्याच वर्षी महाडात कला महोत्सव होता. मी आणि विलास अर्ज घेऊन सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. शिकलेला माणूस, बोलणं एकदम पुणेरी. अर्ज न उघडताच म्हणाले, "आम्हाला दर्जेदार कार्यक्रम हवेत. बेंजो म्हणजे कसं, मिरवणुकीपुरतं ठीक आहे."

तरी उद्घाटनाला गेलो. मागे उभे राहिलो. पाहुण्यांनी समई पेटवली आणि स्पीकरवर सुरू झाली घाटचाल! विलास माझ्याकडे बघतोय, मी विलासकडे. दोघं तडक स्टेजच्या मागे.

"साहेब, हे आमचं वाजतंय!"

"काहीतरीच काय बोलता? नेटवरून काढलंय मी स्वतः. वर्ल्ड म्युझिक आहे हे!"

विलास एरवी चार शब्द बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मंग आमी काय पाताळातून आलाव?"

वॉचमनने आम्हाला बाहेर काढलं. काढताना तो बिचारा त्याच चालीवर मान हलवत होता!

*

मग मी ठरवलं, एकदा बघूच काय लिहितात हे लोक. महाडात नितीनचं सायबर कॅफे होतं. इंग्रजी तो वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. वाचता वाचता थांबला.

"काका, तुम्ही वारलात."

"काय?"

"असं लिहिलंय. घाटात अपघात झाला. खाली लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्यात. एकजण म्हणतोय, पुढे येणारं मरण तुमच्या बोटांतून आधीच ऐकू येतं."

माझ्या बोटांतून! अरे, दासगावला त्या दिवशी माझ्या बोटांना लग्नातल्या जिलबीचा पाक लागलेला, बटणं चिकटत होती!

नितीनला म्हटलं, लिही, मी जिवंत आहे, उमरठला राहतो, कुणीही येऊन बघा. त्याने लिहिलं. जरा वेळाने उत्तर आलं, ‘मृत कलाकाराची थट्टा करणाऱ्यांना इथे जागा नाही.’ आणि आमचं खातं बंद!

तणतणत घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. पन येताना दळन आनलाव काय?"

*

खरोखर बघायला आलाच एकजण. जर्मनीचा. ताडासारखा उंच, हातात छापलेला कागद. पोलादपूरच्या स्टँडवर विचारत विचारत पोचला तो थेट आम्ही वाजवत होतो त्या लग्नात.

मुलीचे मामा मुंबईहून आलेले, सफारी सूट. मांडवात गोरा माणूस बघून त्यांना काय करू नि काय नको झालं. फेटा बांधला, नारळ दिला, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. आम्ही मांडवाबाहेर उन्हात. आमच्यात पाणी फिरवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

आम्ही घाटचाल धरली तसा तो सोफ्यावरून उठला. आमच्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामा धावत बाहेर आले.

"ए बेंजो! बंद करा आधी! साहेबांना किती त्रास होतोय, केव्हापासून हात जोडतायत!"

*

आता दत्तूचा किस्सा. हा मी फारसा सांगत नाही.

दासगावची ती टेप. बाजूलाच चुली पेटल्या होत्या. भर घाटचालीत दत्तूला ठसका लागला, ट्रम्पेटचा सूर तुटला. मी वाजवता वाजवता ओरडलो, "दत्तू, मेल्या, सूर धर!" ते सगळं टेपमध्ये आलं. लग्न आटोपल्यावर मी त्याला आणखी झापला. तो म्हणाला, "दम लागला रे, काय करू?" मी म्हटलं, "नाटकं नको करूस."

नाटक नव्हतं. फुप्फुसं खराब होत चालली होती. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुंबईच्या हॉस्पिटलातून तो परत आला नाही.

आणि नेटवरच्या शहाण्यांनी त्या खोकल्यावर निबंध लिहिले! म्हणे, तो मुद्दाम घातलाय, त्यातच खरी प्रतिभा आहे. ते ऐकून मला नितीनचा कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर आपटावासा वाटला होता.

दत्तू गेल्याला वर्ष झालं असेल. त्याची बायको, सुलूवहिनी, महाडला बहिणीकडे आली होती. नितीनचा निरोप होता, नवीन व्हिडिओ आलाय, बघून जा. मी वहिनींना विचारलं, "दत्तूची चाल ऐकायची काय?" त्या आल्या. कॅफेत पहिल्यांदाच. चपला दाराबाहेर काढून, पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसल्या.

परदेशातला कुठलासा हॉल. दहा-बारा गोरी पोरंपोरी घाटचाल वाजवत होती. खोटं कशाला बोलू, छान वाजवत होती. गिअर बरोबर पडत होते. मग ती जागा आली. ट्रम्पेटवाल्या मुलीने ट्रम्पेट खाली घेतलं आणि खोकली. मुद्दाम! आणि सगळ्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "दात्तू, मेलया, सूर दार!"

कॅफेतले सगळे खो खो हसले. माझं डोकं सणकलं. वहिनींकडे बघायची हिंमत नव्हती.

"नितीन, बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!"

त्याने घाईघाईने बंद केलं. वहिनी रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग खुर्ची पुढे ओढली.

"भावजी, ह्यांचा नाव घेतला ना त्यांनी?"

"हो."

"मंग बंद कशाला केलाव? तेवढी शिवी परत लावा."