चौथ्या ट्रेडवर थांबलेली यादी

"साहेब, पोरीचं नाव न्हाई म्हनत्यात. पर फारम तर भरलाय आमी."

मार्गासनीहून एसटीनं आलेले गृहस्थ ऑफिसात उभे होते. शेजारी त्यांची मुलगी मंगल, मान खाली घालून. ऑफिस भोरमधल्या एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेचं; तिची वेबसाइट मी केली होती. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. प्रवेशयादी यंदा बोर्डाऐवजी साइटवर लागली होती. निवड झालेल्यांनी पाचच्या आत सही करायची, नाहीतर जागा वेटिंगला जाणार.

प्राचार्य म्हणाले, "कॉम्प्युटरवर नाव नाही म्हणजे निवड नाही."

मीही मान डोलावली. प्रोग्राम माझाच होता.

क्लार्क नसीम मॅडम उठून स्क्रीनपाशी आल्या. "सर, हिच्या निवडीचा शेरा मी स्वतः टाइप केलाय. आणि हे पान पुरं नाही. शेवटी प्राचार्यांचं नाव येतं ना? ते कुठंय?"

मी पाहिलं. ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, सहा होते. यादी चौथ्यावरच संपत होती. मंगलचा ट्रेड सहावा.

साइट पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती. कुणी पान उघडलं की स्क्रिप्ट, म्हणजे त्या पानाचा प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून चालते, पान बनवते आणि संपते. वापरलेली सगळी मेमरी परत जाते. पुढच्या माणसासाठी पुन्हा कोरी सुरुवात. मात्र एका पानाला मेमरीची मर्यादा असते. ती ओलांडली की स्क्रिप्ट आहे तिथंच थांबते. एरर लोकांना दिसू नये, म्हणून मीच ती लपवली होती.

"पण एवढी मेमरी खाल्ली कशानं?" मॅडमनी विचारलं.

मी कोड दाखवला. अर्जदारांची पूर्ण यादी एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, होती. प्रत्येक ट्रेडसाठी ती मी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेत होतो.

"म्हणजे सहा झेरॉक्स?"

"नुसतं घेतलं तर नाही. सगळे कप्पे एकाच यादीकडे बोट दाखवतात. एकात बदल केला, तरच भाषा त्याची वेगळी प्रत काढते."

ही काटकसर मला आजही थक्क करते. न सांगता, गरज पडेपर्यंत थांबणारी भाषा.

"मग तुम्ही बदल काय केलात?"

मी कोडच्या एका ओळीवर बोट ठेवलं. दर ट्रेडला मी प्रत्येक नावापुढं नवा अनुक्रमांक घालत होतो, आणि त्या प्रती शेवटपर्यंत सांभाळत होतो. माझी चाचणी चाळीस नावांवर झाली होती, खरे अर्ज त्याच्या कितीतरी पट होते, त्यामुळं हे कधी कळलंच नाही.

पूर्ण यादी घेणंच मी बंद केलं. डेटाबेसमधून एक नाव वाचायचं, छापायचं, त्याच जागी पुढचं घ्यायचं. दीडच्या सुमारास पान पुरं आलं. सहाव्या ट्रेडमध्ये मंगल तिसरी होती.

तिचे वडील नुसतं "व्हय का?" म्हणाले आणि बाकावर बसले. मंगलनं सही केली.

मॅडमनी मात्र शेवटच्या दोन्ही ट्रेडचे अर्ज काढले. "सकाळी बघून परत गेलेत, त्यांचं काय?" पाली, भाटघर, जिथं नंबर होता तिथं त्यांनी फोन लावले, बाकीच्यांना त्यांच्याकरवीच निरोप पाठवले. प्राचार्यांनी मुदत एक दिवस वाढवली. दुसऱ्या दिवशी सगळे आले.

चूक भाषेची नव्हती, माझी होती. ती पकडली कोड न येणाऱ्या बाईंनी. तेव्हापासून चाचणीला मी खरी, पूर्ण यादीच घेतो, आणि ती टाइप करणाऱ्या माणसाला शेजारी बसवतो.