टॅबने गप्प बसावं

संगणक कुरकुरला की काका पडद्यासमोर स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचे. "शांती राख, बाबा. पोरीचं काम चाललंय."

डहाणूतल्या आमच्या मच्छीमार संस्थेचे संगणक ते सांभाळायचे. रोज तलासरीहून मोटरसायकलने येत. मी नवी होते, तीन महिन्यांच्या बोलीवर. गुजरातीत ताईला म्हणतात तसं मला ते 'बेन' म्हणत.

आमच्या काळ्या पडद्यावर बोटीच्या नावाची दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप येई. ही करामत काकांच्या छोट्या स्क्रिप्टची. ती नावं यादीतून उचले. यादी पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह, सुरक्षित राहावा म्हणून, संस्थेच्या मॅनेजर साहेबांच्या स्कूटरच्या चावीला बांधलेला! साहेब बाहेर पडले की यादीही बाहेर. मग टॅब दाबताच अर्धवट ओळीत इंग्रजी तक्रार घुसे. कारकून मावशी ती खोडायला जात आणि स्वतःचंच टाइप केलेलं खोडून बसत.

काकांनी स्क्रिप्टला तक्रारी परस्पर गिळणारा एक तुकडा जोडला. यादी नसली तर टॅब मुकाट. "अर्ध्या वाक्यात कोणी तोंड घालतं का, बेन?"

मला हे फारच पटलं. शाळेपासून मीही अशीच गप्प बसत आले होते. कोणाला न विचारता मी तो तुकडा, त्याच यादीवरून बोटींना बर्फ मिळण्याच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या प्रोग्रॅमलाही जोडला.

दुसऱ्याच सकाळी साहेब विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला गेले. यादीही गेली. मी एंटर दाबला. चिठ्ठी नाही, तक्रार नाही, काहीच नाही. पुन्हा दाबला. खिडकीशी वरोरच्या आणि आगरच्या बोटींचे तांडेल बर्फासाठी खोळंबलेले.

"पोरी, भरती तुझ्यासाठी थांबायची नाय हां!"

काका आले, प्रोग्रॅम उघडून पाहिला. हाताने चिठ्ठ्या लिहायला बसले. तेवढ्यात साहेब प्रसाद घेऊन परतले.

"कोणी केलं हे? आजच घरी पाठवतो!"

काकांनी मान वर केली नाही. हळूच म्हणाले, "बेन, टॅबने गप्प बसावं. एंटरने बोलावं."

"सर, मी केलं," मी म्हणाले. "आणि यादी तुमच्या खिशात आहे."

साहेबांनी खिसा चाचपला. मग काकांना विचारलं, "हिला आवाज आहे?"

बोटी उशिरा का होईना, गेल्या. मी राहिले.

काका आता निवृत्त होऊन वापीला मुलाकडे असतात. त्या दुपारी त्यांनी माझा तुकडा काढून तिथे स्वतःची सूचना लिहिली होती. साहेब स्कूटरवर गेले की ती आजही पडद्यावर येते:

"यादी सापडत नाही. नव्या बेनला विचारा. ती सांगेल."

मी आता नवी नाही. पण ती ओळ मी बदललेली नाही.